भावाचा जुना लॅपटॉप आणि बहिणीचा मॅकबुक

प्रश्न : मी सांगलीत बँकेत नोकरी करते. यजमानांचा डीटीपीचा (संगणकावर पानं लावून छपाईला देण्याचा) छोटा व्यवसाय आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, संस्थांचे अहवाल. मुलीला यंदा पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि तिने मॅकबुक एअर हवा म्हणून हट्ट धरला आहे. मुलगा हिंजवडीत नोकरी करतो, त्याने स्वतःच्या पगारातून मोठा गेमिंग लॅपटॉप घेतलाय. त्याच्या मते ॲपल म्हणजे नुसता दिखावा. यजमान म्हणतात, शोभेच्या वस्तूला लाख रुपये कशाला घालवायचे? मुलाचा कॉलेजातला लॅपटॉप (२०१८ चा, आय-५, सातवी जनरेशन, ८ जीबी रॅम) घरात पडून आहे, तोच तिने वापरावा असं दोघांचं म्हणणं. मुलाच्या वेळी आम्ही नवा घेतला होता, पण तेव्हा परिस्थिती वेगळी होती. मुलगी म्हणते, नवा नाही तर ओळखीतला २०१९ चा जुना मॅकबुक चाळीस हजारांत मिळतोय, तो तरी द्या. यावरून भावंडं एकमेकांशी बोलेनाशी झाली आहेत. घरच्या ग्रुपवर एकमेकांना टोमणे मारणं चालू आहे. मी काय करू?
— एक आई, सांगली

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना एका वाक्यापाशी मी थांबले. मुलाच्या वेळी नवा घेतला, पण तेव्हा परिस्थिती वेगळी होती, असं तुम्ही सहज लिहून गेलात. हे वाक्य तुमच्या मुलीनेही घरात ऐकलं असणार, आणि मला वाटतं भांडणाचं मूळ तिथेच आहे. दादाला कॉलेजला जाताना खोका फोडून नवा लॅपटॉप मिळाला, आणि तिच्या वाट्याला त्याचाच वापरलेला येतोय. अठरा वर्षांच्या मुलीला हे उघडपणे बोलता येत नाही. मग ती मॅकबुक मागते, कारण तो दादाकडे कधीच नव्हता. हा माझा अंदाज आहे, तुम्ही तिला जास्त ओळखता. पण कंपन्यांची तुलना करण्याआधी तिला एवढं सांगून टाका : तुला नवाच लॅपटॉप घ्यायचा आहे, कुठला ते आपण मिळून ठरवू. बऱ्याच गोष्टी तिथेच निवळतील.

जुना लॅपटॉप तिला देऊ नका हे मी फक्त भावनेपोटी सांगत नाही. सातव्या जनरेशनच्या (पिढीच्या) इंटेल प्रोसेसरवर, म्हणजे मुख्य चिपवर, विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. मायक्रोसॉफ्टने आठव्या जनरेशनपाशी रेघ मारली आहे, त्याआधीचे अगदी मोजके अपवाद सोडले तर. आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. मुदतवाढीची सोय मायक्रोसॉफ्टने दिली आहे, पण ती तात्पुरती आहे. म्हणजे चार वर्षांच्या शिक्षणासाठी तुम्ही तिच्या हाती असं यंत्र द्याल, ज्याला सुरक्षेचे अपडेट मिळायचे बंद झाले आहेत किंवा होणार आहेत. तुम्ही बँकेत आहात, अशा संगणकावरून पैशांचे व्यवहार करण्यात काय धोका असतो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. वाकडी वाट करून त्यावर विंडोज ११ घालता येतं, मुलगा कदाचित तसं सुचवेलही. पण परीक्षेच्या आदल्या रात्री काही अडलं तर पुण्यात ते ती एकटी निस्तरणार आहे.

आता मॅकबुकविषयी. तुमच्या मुलीला त्यात जे आवडलंय ते खोटं नाही, आणि घरातल्या दोन्ही पुरुषांनी आधी हे मान्य करायला हवं. ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये स्वतःची एम१ चिप आणली, आणि तेव्हापासून मॅकबुक एअरला पंखाच नाही. आवाज नाही, वजन सव्वा किलोच्या आसपास, बॅटरी सकाळच्या लेक्चरपासून संध्याकाळच्या लायब्ररीपर्यंत पुरते. सव्वादोन-अडीच किलोचा गेमिंग लॅपटॉप आणि त्याचा विटेएवढा चार्जर पाठीवर घेऊन बसने फिरणाऱ्याला या फरकाची किंमत कळते. २०२४ च्या अखेरीस ॲपलने एअरची किमान रॅम ८ वरून १६ जीबीवर नेली, त्यामुळे पूर्वीचा एक मोठा आक्षेपही गेला. मार्च २०२५ मध्ये आलेल्या एम४ एअरची छापील किंमत ९९,९०० रुपये होती आणि विद्यार्थ्यांना ती दहा हजारांनी कमी पडत होती. कॉम्प्युटर शाखेची मुलगी असती तर मी डोळे मिटून हो म्हटलं असतं.

पण ती मेकॅनिकलला चालली आहे, आणि सगळा प्रश्न इथेच सुटतो. दुसऱ्या वर्षापासून तिच्या हाती जी सॉफ्टवेअर येतील त्यांतली मुख्य नावं बघा : यंत्राचे भाग संगणकावर आखायची सॉलिडवर्क्स आणि कॅटिया, आणि ते भाग भार, उष्णता सोसतील का हे तपासायचं ॲन्सिस. सॉलिडवर्क्स विंडोजसाठीच आहे. कॅटियाचंही तेच. ॲन्सिस विंडोज आणि लिनक्सवर चालतं, मॅकवर नाही. ऑटोकॅडची मॅक आवृत्ती आहे, मॅटलॅबही मॅकवर उत्तम चालतं, ऑटोडेस्कचं फ्युजनसुद्धा. म्हणजे मॅक घेतला तर ती अगदीच अडेल असं नाही, पण प्रोजेक्टचा गट सॉलिडवर्क्समध्ये काम करत असेल तर ती दर वेळी दुसऱ्याच्या लॅपटॉपशेजारी खुर्ची ओढून बसेल. तीन वर्षं असं बसणं मला तिच्यासाठी नको वाटतं. मेकॅनिकलच्या वर्गात मुली आधीच कमी असतात. माउस स्वतःच्या हातात असलेला बरा.

मॅकवर विंडोज टाकता येतं, असं कुणीतरी तिला सांगेल. इंटेल चिप असलेल्या मॅकवर ते ॲपलच्याच बूट कॅम्प या सोयीने सरळ टाकता यायचं. ॲपलच्या स्वतःच्या चिप आल्यावर बूट कॅम्प गेलं. आता पॅरलल्ससारखं सॉफ्टवेअर विकत घेऊन त्याच्या आत विंडोजची एआरएम आवृत्ती (एआरएम या वेगळ्या घडणीच्या चिपसाठीची, ॲपलच्या चिप त्याच घडणीच्या आहेत) चालवावी लागते, आणि सॉलिडवर्क्स बनवणारी डसॉ कंपनी अशा जुळणीला आधार देत नाही. कधी चालतं, कधी नाही. सबमिशनच्या दिवसांत हा जुगार नको.

याच कारणाने आणखी एक सावधगिरी बाळगा, कारण दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही. गेल्या काही वर्षांत विंडोजचेही काही लॅपटॉप स्नॅपड्रॅगन चिपवर येऊ लागलेत. हलके, सुंदर, बॅटरी दांडगी. पण त्यातही एआरएमच आहे आणि इंजिनिअरिंगची बरीच सॉफ्टवेअर इंटेल आणि एएमडीच्या चिपसाठीच लिहिलेली असतात. तिच्या शाखेसाठी तेही बाजूला ठेवा.

तो चाळीस हजारांचा २०१९ चा मॅकबुक मात्र अजिबात घेऊ नका. त्यात इंटेल चिप आहे. ॲपलने जून २०२५ मध्ये जाहीर केलं की मॅकओएस (मॅकवर विंडोजच्या जागी असते ती प्रणाली) टाहो ही इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती, आणि तीसुद्धा मोजक्याच इंटेल मॉडेलना मिळाली. बूट कॅम्पने विंडोज टाकायचं म्हटलं तर ॲपलने तिथे विंडोज १० पर्यंतचीच सोय ठेवली होती. म्हणजे एका बाजूला ॲपलचा रस्ता संपत आलाय, दुसऱ्या बाजूला मायक्रोसॉफ्टचा. शिवाय त्या वर्षीच्या बहुतेक मॅकबुकना बटरफ्लाय कीबोर्ड होता. त्याच्या बटणांखाली धुळीचा कण गेला की अक्षर उमटायचं नाही किंवा दोनदा उमटायचं. इतक्या तक्रारी आल्या की ॲपलला मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली, आणि तीही ठरावीक वर्षांपुरतीच होती. दुरुस्तीचा खर्च आता तुमच्याच खिशातून जाईल.

मग घ्यायचं काय? इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर, विंडोज ११, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी (फाइली साठवायची वेगवान डिस्क), आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरची चित्रं काढणारी स्वतंत्र चिप). ग्राफिक्स कार्ड अगदी सुरुवातीच्या पातळीचं चालेल. मोठ्या कार्डाने किंमत, वजन आणि उष्णता तिन्ही वाढतात आणि कॉलेजच्या मॉडेलिंगला ते लागत नाही. मी सर्वांत जास्त जोर एका गोष्टीवर देईन, ती म्हणजे रॅम पुढे वाढवता येते का. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच चिकटवलेली असते. मॅकबुकमध्ये तर ती कधीच वाढवता येत नाही. तिसऱ्या वर्षी ॲन्सिसमध्ये मोठी जाळी (भागाचे असंख्य छोटे तुकडे पाडून केलेलं गणित) सोडवायची वेळ आली की १६ जीबी अपुरी पडते, तेव्हा रिकामा स्लॉट असेल तर नव्या लॅपटॉपचा खर्च वाचतो. दुकानात विचारा, आणि तोंडी उत्तरावर समाधान न मानता कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच मॉडेल क्रमांकाचा तपशील उघडून बघा. एकाच नावाच्या लॅपटॉपचे सहा-सात प्रकार बाजारात असतात, शेवटच्या दोन अक्षरांत सगळा फरक असतो.

वजन दोन किलोच्या आत बसलं तर उत्तम. चार्जर हातात घेऊन बघू दे तिला. ती रोज वाहणार आहे.

ब्रँड कुठला, हे मी मुद्दाम सांगत नाही. एचपी, डेल, लेनोवो, आसुस, एसर या सगळ्यांकडे या वर्णनाचे चांगले लॅपटॉप आहेत आणि सगळ्यांकडे टाळावेत असेही आहेत. त्यापेक्षा पुण्यात तिच्या कॉलेजच्या टप्प्यात कुणाचं सर्व्हिस सेंटर आहे ते बघा, आणि घरी येऊन दुरुस्तीची वाढीव वॉरंटी घेता आली तर घ्या. हॉस्टेलमध्ये लॅपटॉपवर चहा सांडतो, कुणाचा तरी पाय वायरीत अडकतो. अपघाती नुकसानीचं संरक्षण देणारी योजना अशा ठिकाणी पैसे वसूल करून देते. बिल तिच्या नावाने करा, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी तुम्हाला सांगलीहून कागद पाठवत बसावं लागणार नाही.

आता भावंडांच्या अबोल्याकडे येते. खरं तर मला याचीच जास्त काळजी वाटते. दोघं ज्या कंपन्यांची बाजू घेऊन भांडतायत, त्या कंपन्या एकमेकींशी कशा वागतात ते त्यांना जरूर सांगा.

ऑगस्ट १९९७ मध्ये ॲपल दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. तेव्हा बॉस्टनच्या मॅकवर्ल्ड मेळाव्यात स्टीव्ह जॉब्जने मंचावरून जाहीर केलं की मायक्रोसॉफ्ट ॲपलमध्ये १५ कोटी डॉलर गुंतवणार आहे. मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर बिल गेट्सचा चेहरा आला आणि सभागृहातल्या ॲपलभक्तांनी हुर्यो उडवली. जॉब्जने त्यांनाच सुनावलं की ॲपल जिंकायची तर मायक्रोसॉफ्ट हरलीच पाहिजे, ही कल्पना आता सोडून द्या. खुद्द कंपनीचा सहसंस्थापक असं म्हणत होता आणि खालचे चाहते शिट्ट्या मारत होते. तुमच्या घरच्या ग्रुपवर आज तेच चाललंय.

तुम्ही बँकेत एक्सेल वापरत असालच. मायक्रोसॉफ्टचं हे सॉफ्टवेअर १९८५ मध्ये आधी ॲपलच्या मॅकिंटॉशवर आलं, विंडोजवर दोन वर्षांनी. सॅमसंग आणि ॲपल २०११ ते २०१८ अशी सात वर्षं कोर्टात झगडत होते, २०१२ साली कॅलिफोर्नियातल्या ज्युरीने सॅमसंगला शंभर कोटी डॉलरहून जास्त भरपाई द्यायला सांगितली. त्याच काळात आयफोनच्या चिप सॅमसंगच्या टेक्सासमधल्या कारखान्यात बनत होत्या, आणि भांडण मिटायच्या आधीच २०१७ च्या आयफोन एक्सला पडदाही सॅमसंगचाच लागला. ॲपलच्या सफारी ब्राउझरमध्ये शोधयंत्र म्हणून गूगल राहावं यासाठी गूगलने ॲपलला एका २०२२ सालात सुमारे २,००० कोटी डॉलर मोजले, हे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं. मुलाच्या लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाचं अलीकडचं ग्राफिक्स कार्ड असेल, तर त्याची चिप आणि मॅकबुकची चिप एकाच कंपनीने घडवलेली आहे, तैवानच्या टीएसएमसीने.

मला सर्वांत बोलका वाटतो तो एका नटाचा किस्सा. २००६ ते २००९ या काळात ॲपलच्या जाहिरातींत जस्टिन लाँग नावाचा तरुण नट मॅक बनून यायचा आणि शेजारी पीसी, म्हणजे विंडोजचा संगणक, बनून आलेल्या पोक्त, गोंधळलेल्या माणसाची गंमत करायचा. मॅकवाले आणि पीसीवाले अशी माणसांची विभागणी लोकांच्या मनात ज्या गोष्टींनी पक्की केली, त्यांत या जाहिराती फार वरच्या आहेत. ॲपलने इंटेलची साथ सोडल्यावर २०२१ मध्ये इंटेलने त्याच जस्टिन लाँगला घेऊन जाहिराती केल्या, आणि त्यांत तो मॅक कसा कमी पडतो ते सांगत होता. त्याने काही वाईट केलं असं मी म्हणत नाही. ते त्याचं काम होतं, त्याचे त्याला पैसे मिळाले. तुमच्या मुलांना हे भांडण करण्याचे कुणी पैसे देत नाही. उलट त्यांचं बोलणं बंद झालंय.

मुलाला मी दोष देणार नाही. त्याला यंत्रांतलं कळतं आणि बहिणीचे पैसे वाया जाऊ नयेत असंही त्याला वाटत असणार. चूक एवढीच झाली की त्याने ॲपलची खिल्ली उडवली आणि तिला वाटलं माझीच उडवली. त्याला काम द्या. रॅमचा स्लॉट, मॉडेल क्रमांक, ग्राफिक्स कार्ड ही तपासणी त्याच्याइतकी चांगली घरात कुणी करू शकणार नाही. पण अट एक : तो तीन-चार लॅपटॉप निवडून देईल आणि त्यातला कुठला घ्यायचा ते ती ठरवेल. रंग, कीबोर्डचा स्पर्श, वजन, पडदा हे सगळं तिच्या हातात. दोघांनी मिळून पुण्यातल्या एखाद्या दुकानात जावं, तुम्ही दोघे नवराबायको सोबत गेला नाहीत तरी चालेल. आणि ॲपलविषयी तो जे बोलला त्याबद्दल त्याने तिला एकदा फोन करावा. तिथे मेसेज पुरणार नाही.

मुलगी सगळं ऐकूनही मॅकवरच ठाम राहिली तर? तर तिला सॉफ्टवेअरची यादी दाखवा आणि विचारा, सॉलिडवर्क्सचं काय करशील. कॉलेजच्या लॅबमध्ये करेन, असं ती समजून-उमजून म्हणाली आणि लॅब संध्याकाळी उघडी असते याची तिने खात्री करून घेतली असेल, तर तो तिचा विचारपूर्वक निर्णय आहे आणि तो मला मान्य होईल. फक्त खर्चाची मर्यादा दोन्हींसाठी एकच ठेवा आणि ती आधीच सांगा. भाव सारखे हलतात, पण वर्णन केलेला विंडोज लॅपटॉप बहुधा मॅकपेक्षा कमीत बसेल. उरलेले पैसे तिच्याच नावाने बाजूला टाका, तिसऱ्या वर्षीच्या रॅमला होतील.

यजमानांशी बोलताना एक गोष्ट सांगा, त्यांना ती आवडेल. ते ज्याला शोभेची वस्तू म्हणतात, त्या मॅकवरच त्यांचा धंदा जन्माला आला. १९८५ मध्ये ऑल्डस कंपनीचं पेजमेकर हे पानं लावायचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा आलं ते मॅकिंटॉशसाठी, आणि ॲपलच्या लेझर प्रिंटरशी जोडून लोक टेबलावर बसून पानं लावू लागले. डीटीपी तिथून सुरू झालं. पुढे ते विंडोजवर आलं, श्रीलिपीसारख्या पॅकेजनी त्यात मराठी आणली आणि महाराष्ट्रातल्या गल्लोगल्लीच्या छापखान्यांनी त्यावर लग्नपत्रिका काढल्या. तिकडे नांदी झाली नसती तर खिळ्यांची जुळणी आणखी बरीच वर्षं चालली असती.

आणि पडून असलेला २०१८ चा लॅपटॉप त्यांनाच द्या. जुनी हार्ड डिस्क असेल तर काढून एसएसडी बसवून घ्या, म्हणजे तो एकदम चपळ होईल. त्यावर इंटरनेट न जोडता फक्त डीटीपीचं काम करायचं, म्हणजे अपडेट नसल्याची फारशी काळजी राहत नाही. पेजमेकरची शेवटची ७.० आवृत्ती २००१ ची आहे, त्यामुळे जुनी सॉफ्टवेअर आणि प्रिंटर त्यावर नीट चालतात का हे आधी करून बघा, आताचा संगणक लगेच मोडीत काढू नका. जमलं तर नव्या गिऱ्हाइकांचं काम हळूहळू युनिकोडमध्ये (मोबाइलवरही मराठी तशीच दिसते त्या अक्षरपद्धतीत) सुरू करा. जुन्या फॉन्टमधली पत्रिका व्हॉट्सॲपवर मजकूर म्हणून पाठवली की नुसती चिन्हं दिसतात, आणि लोकांना आता छापील पत्रिकेइतकीच मोबाइलवरची हवी असते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेले मुक्ता आणि बालू हे फॉन्ट फुकट मिळतात आणि पत्रिकेवर फार छान दिसतात. हे मुलगी त्यांना एका दुपारी शिकवू शकेल.

घाई मात्र करू नका. पहिल्या वर्षाचा अभ्यास बहुतेक शाखांना जवळपास सारखाच असतो, जड सॉफ्टवेअर दुसऱ्या वर्षापासून येतात. कॉलेज सुरू होऊ दे, दोन-तीन आठवडे तिला लॅबमध्ये बसू दे, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारू दे. बऱ्याच कॉलेजांतून सॉलिडवर्क्सचा किंवा ऑटोडेस्कचा विद्यार्थी परवाना मिळतो, त्याचीही चौकशी तिथेच होईल. मेकॅनिकल विभागातून सॉफ्टवेअरची आणि किमान गरजांची यादी मागून घ्या. ती मी वर लिहिल्यापेक्षा वेगळी निघाली तर तीच खरी धरा, माझं बाजूला ठेवा.